एनिडबाईंचा नेम

टिनपॉट क्रीकच्या खोऱ्यात एनिडबाई रॅफर्टींच्या नेमाबद्दल कुणी शंका घेत नसे. देवाबद्दल घेत, सरकारबद्दल तर रोज घेत, हवामान खात्याबद्दल शिव्या घालून घेत. पण एनिडबाईंचा नेम म्हणजे नेम. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी शेतकी मेळाव्यात अकरा पुरुषांना हरवून चांदीचा पेला घरी आणला होता. ते अकराही आता वारले होते, त्यामुळे या गोष्टीत दुरुस्ती करणारं कुणी उरलं नव्हतं. दर वर्षी त्यातलं अंतर थोडं वाढे. ऐंशी यार्डांवरून सुरू झालेला तो प्रकार आता तीनशेच्या पुढे गेला होता आणि गेल्या नाताळात त्यात वाराही सुटला होता.

बाई शहात्तर वर्षांच्या. नवरा कीथ जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून सव्वातीनशे हेक्टर जमीन, चारशे मेंढ्या, पिप नावाची एक कुत्री आणि स्वयंपाकघरात कधीही बंद न होणारा रेडिओ, एवढ्यांचा संसार त्या एकट्याच हाकत होत्या. कुणी मदतीला येऊ का विचारलं, तर त्या अशा काही बघत, की विचारणारा स्वतःचंच काहीतरी काम आठवून निघून जाई.

त्यांच्या जमिनीच्या मधोमध एक घळ होती. दाट झाडी, खाली पाणी, वर उन्हाची तिरीप. सांबरांना आणखी काय हवं असतं?

ही सांबरं काही इथली नव्हेत. खापरपणजोबांच्या काळात कुणा हौशी साहेबांना शिकारीवाचून करमेना, म्हणून त्यांनी ती समुद्रापलीकडून बोटीत घालून आणली आणि या डोंगरांत सोडली. वाघ आणायचा मात्र साहेब विसरले. साहेब गेले, सांबरं राहिली आणि वाढत गेली. कुंपणं तोडून ती कुरणात चरत, ओढ्याच्या काठावर लोळून पाण्याचा चिखल करत, आणि नव्या झाडांची साल सोलून ठेवत. क्लेम हॉकिंग या शेजाऱ्याने लावलेल्या साठ चेस्टनटच्या रोपांपैकी एकोणीस जगली होती, आणि त्या एकोणिसांचीही अवस्था बघवत नव्हती.

एकट्या शेतकऱ्याने बंदूक उचलली, की सांबरं शेजाऱ्याकडे जात. शेजाऱ्याने उचलली, की परत येत. म्हणून तीन वर्षांपूर्वी खोऱ्यातल्या लोकांनी गट केला. सगळ्यांनी एकाच वेळी आपली जमीन खुली करायची, गटाच्या नेमबाजांनी ठरलेल्या दिवशी सगळीकडून निघायचं, म्हणजे जनावराला पळायला जागा नको. गावच्या आगीच्या बंबाच्या शेडमध्ये भिंतीवर मोठा नकाशा लावला. ज्याने संमतीपत्रावर सही केली, त्याची जमीन हिरवी रंगवायची. तीन वर्षांत सगळा नकाशा हिरवा झाला आणि मधोमध एक पांढरा तुकडा उरला. सांबरांना नकाशा वाचता येत नाही म्हणतात. पण पहिली गोळी वाजली, की खोऱ्यातलं झाडून सगळं सांबर त्या पांढऱ्या तुकड्यात जाऊन बसे.

बाईंचं कारण तयार होतं. बावीस वर्षांपूर्वी आपली हरवलेली गाय शोधत क्लेम त्यांच्या कुरणातून गेला होता आणि जाता जाता त्याने एक उघडं गेट लावलं होतं. या मुलखात गेट जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. क्लेमला वाटलं, बाई विसरल्या असतील. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी ते मेंढ्यांना पाण्यावर जाता यावं म्हणून उघडं ठेवलं होतं. फेब्रुवारीच्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात शंभर मेंढ्या दोन दिवस त्या गेटाशी ओरडत उभ्या होत्या. क्लेमने त्यानंतर चार वेळा माफी मागितली होती. त्यातली एक लेखी. बाई म्हणत, "एकाला गेट कळत नाही. तुम्ही मला पंधरा जण पाठवणार?"

हे कारण सगळ्यांना पटे, कारण ते एनिडबाईंना शोभणारं होतं. खरं कारण वेगळंच होतं. बाईंना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी सगळ्या जगावर दुधाची साय धरायला लागली. आधी बाईंनी चष्म्याला दोष दिला, मग खिडक्यांना, मग सरकारला. आता उजेडात उभं राहिलं की एकाचे दोन दिसत आणि सावलीत गेलं की एकही नाही. डॉक्टरकडे त्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या आईचे डोळे असेच गेले होते. तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती येईल त्याला विचारायची, "आज डोंगर दिसतोय का?" त्या खिडकीतून डोंगर दिसतच नसे. बाईंनी सहा वर्षं दर रविवारी जाऊन तिला सांगितलं होतं, की हो, दिसतोय.

त्यामुळे पुढचा हिशोब त्यांना पाठ होता. डोळे गेले कळलं, की गाडीचा परवाना जाणार. गाडी गेली, की एकटीने इथे राहणं संपलं. समुद्रकाठच्या जिलाँग शहरात त्यांच्या मुलीने, जॅनेलने, एक खोली तयारच ठेवली होती. खोलीतून समुद्र दिसतो, असं ती दर फोनला सांगे. बाईंना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मरेपर्यंत याच घरात राहायचं होतं, बस्स. म्हणून कुणी घरी यायला नको, चहाला बसायला नको, आणि शिकारीच्या निमित्ताने अंगणात पंधरा माणसं तर नकोच नको.

तरी मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, टॅम्सिन आलीच. ही गटाची संयोजक. वय अठ्ठावीस, आठवड्यातून दोन दिवसांची नोकरी, आणि तीही जूनअखेरपर्यंतची. पोरगी गुणाची होती, फक्त तिला 'प्रक्रिया' हा शब्द फार आवडे.

"एनिड, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "मी फक्त प्रक्रिया समजावून सांगते."

"केक खा आधी," बाई म्हणाल्या.

टॅम्सिनने एक घास घेतला आणि तिचे डोळे पाणावले. बाईंना ते दिसलं नाही. केकमध्ये साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. पण खोऱ्यात वाढलेल्या मुलीला म्हाताऱ्या बाईच्या केकला नावं ठेवता येत नाहीत; तिने पाण्याबरोबर सगळा तुकडा संपवला आणि वर छान झालाय म्हणाली.

"मग आणखी घे," बाई म्हणाल्या.

"नको!" टॅम्सिन इतक्या जोरात म्हणाली, की पिप उठून उभी राहिली. "म्हणजे पोट भरलं. एनिड, या हिवाळ्यात तुमची घळ मिळाली नाही, तर गट मोडेल. लोक कंटाळलेत. क्लेम तर म्हणतो, चेस्टनट उपटून टाकतो."

"क्लेमला सांग, साल निघालेली झाडं जळणाला बरी असतात."

"तुम्हाला परकी माणसं नको आहेत, मला कळतं. पण मग सांबरांचं काय करायचं?"

इथे बाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं. "माझ्या घळीतली सांबरं माझी मी मारीन. मला कुणाची मदत लागत नाही."

हे त्या गेली तीन वर्षं सगळ्यांना ऐकवत आल्या होत्या आणि सगळे मान डोलावून गप्प बसत. टॅम्सिनने मात्र वही काढून ते लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी बंबाच्या शेडमध्ये सभा भरली. पाव आणि सॉसेज खाऊन झाल्यावर टॅम्सिन उभी राहिली आणि म्हणाली, की एनिडच्या जमिनीवर दुसऱ्या कुणीही जायचं नाही. तिथे त्या एकट्याच बंदूक चालवतील. नेमबाजांच्या यादीत त्यांचं नाव घालू आणि नकाशा हिरवा करू. फक्त यादीतल्या प्रत्येकाला चाचणी द्यावी लागते, शंभर मीटरवर तीन गोळ्या, तिन्ही बशीएवढ्या वर्तुळात. विमा कंपनीची अट आहे, त्याला इलाज नाही.

"एनिडची चाचणी?" नेमबाजीच्या मैदानाचा प्रमुख ओवेन खो खो हसला. "मग ती मलाच तपासेल!"

सगळी शेड हसली. कुणीतरी पेल्याची गोष्ट काढली. गोष्टीतल्या वाऱ्यात आता पाऊसही मिसळला होता. टाळ्या पडल्या. एनिडबाई मधोमध ताठ बसून होत्या. शंका घेणारा एक जरी माणूस निघाला असता, तर त्या अपमान झाला म्हणून उठून गेल्या असत्या आणि सुटल्या असत्या. पण कुणी शंकाच घेईना. आपल्या कीर्तीचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

"शनिवारी," टॅम्सिन म्हणाली. "सकाळी दहाला."

"नऊला ठेव," बाई म्हणाल्या. "मला कामं असतात."

मधल्या एका पहाटे त्यांनी सराव केला. तळ्याच्या वर, धुक्यात, एक भलंमोठं सांबर उभं होतं. बाईंनी कुंपणाच्या खांबावर बंदूक टेकवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. सांबर हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढला. सांबर ढिम्म. मग पाण्याची धार लागल्याचा आवाज आला. जवळ जाऊन त्यांनी हात लावला, तर ती त्यांचीच पावसाच्या पाण्याची टाकी. दोन भोकं पडली होती, एकमेकांपासून दोन बोटांवर. त्यांनी लाकडाच्या खुंट्या ठोकून ती बुजवली. टाकी फुटली याचं वाईट वाटतच होतं, पण दोन बोटांवर आहेत, हेही त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

शनिवारी त्या स्वतः गाडी चालवत मैदानावर गेल्या. आठ किलोमीटर कच्चा रस्ता, खडी चाकाखाली वाजते आहे तोवर आपण रस्त्यावर आहोत, अशा बेताने. वाटेत एक पोस्टाची पेटी आडवी झाली. ती क्लेमची होती, म्हणून बाई थांबल्या नाहीत.

मैदानावर निम्मं खोरं जमलं होतं. चाचणी बघायला नव्हे, एनिडबाई बघायला. ओवेनने त्या दिवशीच्या सहा जणांना ओळीने पोटावर झोपवलं. बाईंना पाचवी जागा मिळाली. चौथ्या जागेवर क्लेम हॉकिंग होता.

क्लेम त्र्याहत्तर वर्षांचा, अंगाने आडवा आणि नेमाने त्याहून आडवा. त्याने आयुष्यात बंदुकीने जे काही मारलं होतं, ते बहुतेक दुसऱ्याच कशावर तरी नेम धरून. पण चेस्टनटांसाठी तो जिद्दीने तिसऱ्यांदा चाचणीला बसला होता.

"कशी आहेस म्हातारे?" तो पोटावर झोपत पुटपुटला.

"तुझ्या डावीकडे झोपले असते तर घाबरले असते," बाई म्हणाल्या. "उजवीकडे बरी आहे."

ओवेनने खूण केली. बाईंनी बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. पांढरा चौकोन दिसला; मग त्याच्या शेजारी आणखी एक. हा खरा की तो खरा? उजवीकडचा जरा फिका होता, हलल्यासारखा वाटत होता. डावीकडचा घट्ट वाटला. सायीमागे मधला काळा ठिपका क्षणभर दिसे आणि जाई. दिसला, की बाई चाप ओढत. एक. बऱ्याच वेळाने दुसरी. मग तिसरी. खांदा तोच, श्वास तोच, बोट तेच. गोळी नीट गेली, की नेमबाजाला ते कागद बघायच्या आधी कळतं. बाईंना कळलं, की तिन्ही नीट गेल्या. त्यांचं मन इतकं हलकं झालं, की त्या उठून बसल्या आणि चक्क क्लेमकडे बघून हसल्या.

ओवेन कागद आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"पाच नंबर," तो सावकाश म्हणाला. "कोरा आहे. एकही नाही."

त्याने दुसरा कागद पुढे घेतला.

"आणि चार नंबरवर सहा आहेत. तीन इकडे तिकडे. एक तर कागदाच्या कोपऱ्यात. आणि तीन..." त्याने कागद वर धरला. वर्तुळाच्या बरोबर मध्ये, चहाच्या कपाखाली झाकतील अशी तीन भोकं होती. "क्लेम, किती गोळ्या मारल्यास?"

क्लेमने कागदाकडे पाहिलं. मग एनिडबाईंकडे पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या, पण बघत होत्या ओवेनच्या खांद्यावरून पलीकडे, जिथे काहीच नव्हतं. क्लेमला बहुधा तेव्हाच सगळं कळलं असावं. आपल्या कागदावरची परकी भोकं, तीन वर्षं कुणालाच न मिळालेला चहा.

"सहा," तो म्हणाला.

"सहा? चाचणी तीनची असते!"

"मोजायला चुकलो. पहिल्या तीन वाईट गेल्या, मग हात बसला. मधल्या तीन माझ्याच. एनिडची बंदूक अडकली असणार, गोळी सुटलेलीच नाही. तिला पुन्हा कधीतरी बोलवा. घाई काय आहे?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. गोष्ट पटण्यासारखी नव्हती, पण कुणाला ती मोडायचीही नव्हती. ओवेनने डोकं खाजवलं. एनिडबाईंना फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिल्या असत्या, तर घर राहिलं असतं, गाडी राहिली असती, समुद्राची खोली जिलाँगलाच राहिली असती. वैऱ्याने आपणहून दार उघडून दिलं होतं.

"भलताच सुधारलास की, क्लेम," मागून कुणीतरी म्हणालं. "असा नेम आम्ही एनिडशिवाय कुणाचा पाहिला नाही."

"सराव," क्लेम नम्रपणे म्हणाला. "सराव केला की जमतं."

तेवढं मात्र बाईंना सोसलं नाही.

"थापाड्या!" त्या कडाडल्या. "जन्मात जमणार नाही तुला! बंदूक धरताना डोळे मिटतोस तू! त्या तीन माझ्या आहेत!"

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

मैदानावर कुठल्याशा झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. ओवेनने हळूच विचारलं, "एनिड, मग तू चौथ्या कागदावर का मारलंस?"

"कारण मला दोन दिसतात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "तीन वर्षं झाली. कधी दोन दिसतात, कधी काहीच नाही. तुझं तोंडही मला दिसत नाहीये, ओवेन. आवाजावरून बोलतेय मी." त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "त्या तीन मात्र माझ्या आहेत. लिहून ठेव."

ओवेनने कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्याला तेवढंच सुचलं होतं.

"थांबा," टॅम्सिनचा आवाज आला. "एनिड, तुम्ही इथे गाडी चालवत आलात?"

सगळ्या लोकांनी एकदम बाईंच्या पिकअपकडे पाहिलं. पुढच्या जाळीत क्लेमच्या पेटीचं झाकण अडकलेलं होतं.

बाईंनी खिशातून किल्ली काढून पुढे धरली. ती कुणी घेतली ते त्यांना कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तो संमतीचा कागद कुठे आहे तुझा? तीन वर्षं नाचवतेयस. आण."

टॅम्सिनने कागद गाडीच्या टपावर ठेवला.

"बोट ठेव माझं," बाई म्हणाल्या. "जिथे सही करायची तिथे."

टॅम्सिन पुढे झाली, पण तिच्या आधी एका जाड, चिरा पडलेल्या हाताने बाईंचं बोट धरून ओळीवर टेकवलं. तो हात कुणाचा आहे, हे बाईंना न बघता कळलं. त्यांनी ओढून घेतलं नाही. सही ओळीच्या वर गेली, पण पूर्ण झाली.

घरी जाताना किल्ली क्लेमकडेच होती. स्वतःच्याच गाडीत डावीकडच्या जागेवर बसायची बाईंची ही पहिली वेळ.

"तू मुद्दाम म्हणालास ना," बाई म्हणाल्या. "त्या तुझ्या म्हणून."

"छे. मला खरंच वाटलं, माझ्या असतील."

"तुझ्या!"

"मग काय."

खडी चाकाखाली वाजत होती. बाईंनी खिडकीला हात टेकला.

"आता जॅनेल येईल न्यायला," त्या म्हणाल्या. "मीच सांगणार तिला. दुसऱ्याकडून कळायला नको. नेईल ती मला, क्लेम."

"नेईल तेव्हा नेईल. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. माझ्या मेहुण्याचा एक डोळा उघडला त्याने, तुझा का उघडणार नाही? नाहीच उघडला, तर मी गुरुवारी बाजारात जातोच. ओवेन सोमवारी जातो. मेंढ्यांचं सगळे मिळून बघू. तिला म्हणावं, इथे माणसं आहेत."

बाईंनी खिडकीची काच खाली केली. त्यांना डोंगर दिसत नव्हता. पण रस्ता कुठे वळला ते अंगाला कळत होतं, आणि वळणानंतर डोंगर कुठे येतो ते त्यांना सत्तर वर्षं माहीत होतं. त्यांनी तिकडे तोंड केलं.

"दिसतोय," क्लेम म्हणाला. "आज अगदी स्वच्छ आहे."

"मी विचारलं होतं का?" बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं. "गुरुवारी किती वाजता येशील?"

"दहाला."

"साडेनऊला ये. किती हळू चालवतोस!"